निषेधाला पत्ता हवा

चौकात पुतळा जाळतात, तो बनवतं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी जूनमध्ये उत्तर मिळालं. ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याकडे चालत येत होतो. एका पक्षाच्या शाखेसमोर दोन पोरं फुटपाथवर बसून जुन्या पँटच्या पायांत गवत आणि रद्दी कोंबत होती. पँट झाली, मग शर्ट, मग सुतळीनं दोन्ही एकमेकांना बांधले. डोक्याच्या जागी फुगवलेली पिशवी आणि तिच्यावर एका परदेशी पंतप्रधानांचा झेरॉक्स चेहरा, चिकटपट्टीनं. साहेब साडेपाचला आले. घोषणा झाल्या, जोडे मारून झाले, पुतळ्याला काडी लावली. पण रिमझिम चालू होती, गवत ओलं, पेटेना. कुणीतरी बाइकमधून पेट्रोल काढून आणलं. तेवढ्यात बंदोबस्तावरच्या हवालदारानं पुतळा ओढला. एक पाय त्याच्या हातात आला, बाकीचा कार्यकर्त्यांकडे राहिला. त्या ओढाताणीचे फोटो निघाले आणि बारा-तेरा मिनिटांत सगळं आटोपलं. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकले होते.

ज्या देशाचा निषेध होता त्याचं कार्यालय मुंबईत आहे. तिथे कुणालाही, अगदी दारावरच्या रखवालदारालासुद्धा, आपल्या पंतप्रधानांचा पाय ठाण्यात एका हवालदाराच्या हातात राहिला याची खबर लागली असेल असं मला वाटत नाही.

निषेध करण्याला माझी हरकत नाही. परदेशी सरकारविरुद्ध पुढाऱ्यानं लोकांना घेऊन रस्त्यावर उतरण्यालाही नाही, उलट ते त्याचं कामच आहे असं माझं मत आहे. तक्रार पत्त्याची आहे. निषेध हा शेवटी एक निरोप असतो. तो ज्याला द्यायचा त्याच्या दारात जाऊन, आवाज न चढवता, हातात कागद घेऊन द्यावा. आपल्याकडे पुढारी दारापर्यंत जात नाहीत आणि सरकार त्यांना जाऊ देत नाही. दोघांचं छान जमलं आहे.

नवी मुंबईकरांना खरं तर हे शिकवायला नको. इथल्या प्रकल्पग्रस्तांना पत्ता कधी विचारावा लागला नाही. इथले नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक उभे राहिले, पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. पुढे विमानतळाला दिबांचंच नाव द्या म्हणून २४ जून २०२१ ला हजारो माणसं बेलापूरला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला घेराव घालायला निघाली, कारण दुसऱ्या नावाचा ठराव सिडकोनंच केला होता. आपलं सरकार असलं की कधीकधी उलटही घडतं, तेच आपल्या पत्त्यावर येतं. मनोज जरांगे यांचा मराठा आरक्षणाचा मोर्चा जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवर, वाशीत थांबला आणि २७ तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे अधिसूचनेचा मसुदा घेऊन तिथे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा मुंबईला निघायची वेळ आली तेव्हा उच्च न्यायालयानं आंदोलनाला पर्यायी जागा म्हणून खारघरचं नाव घेतलं. एकूण काय, मुंबईला नको असलेली गर्दी बसवायचं अंगण म्हणून आमच्याकडे बघायची सवय पडली आहे. राज्य सरकारच्या बाबतीत ते एक वेळ चालेल, मुख्यमंत्री गाडीत बसून वाशीला येऊ शकतात. पण एखाद्या देशाचा महावाणिज्यदूत निवेदन घ्यायला खारघरला कशाला येईल?

आता दाराशी जाऊन केलेल्या निषेधाचा एक नमुना. सप्टेंबर १९६५. पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीननं आपल्याला खलिता धाडला. त्यातल्या तक्रारींत एक अशी होती की भारतीय सैनिकांनी आमच्या हद्दीतून ८०० मेंढ्या आणि ५९ याक पळवले. चाळिशीतले खासदार अटलबिहारी वाजपेयी जनसंघाच्या कार्यकर्त्यांसह दिल्लीतल्या चिनी दूतावासावर गेले, ते सुमारे ८०० मेंढ्यांचा कळप घेऊनच. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या होत्या: आम्हाला खा, पण जग वाचवा. चीन भडकला आणि या मोर्च्यामागे भारत सरकार आहे असा निषेध नोंदवला. शास्त्रीजींच्या सरकारनं उत्तर दिलं की आमचा याच्याशी संबंध नाही, दिल्लीच्या नागरिकांनी उत्स्फूर्तपणे, शांततेत आणि थट्टेच्या सुरात आपला राग दाखवला, इतकंच.

या प्रसंगाची गंमत सगळे सांगतात. मला त्यातलं सरकारचं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. ते उत्तर देता आलं कारण मोर्चा नेणारा माणूस विरोधी बाकांवरचा होता. काच फुटली नाही, कुणाला ओरखडा आला नाही, आणि तरीही पेकिंगला लेखी तक्रार करावी लागली, म्हणजे निरोप पोचला. सत्तेतल्या पक्षाचा मंत्री मेंढ्या घेऊन गेला असता तर ‘आमचा संबंध नाही’ हे वाक्य सरकारच्या तोंडी शोभलं नसतं. म्हणून केंद्रात सत्तेत असलेल्या पक्षाचे नेते परदेशाविरुद्ध चौकात गळा काढतात तेव्हा मला कळत नाही, हे मागतायत कुणाकडे? परराष्ट्रमंत्री त्यांचाच. त्याला फोन करायचा सोडून जांभळी नाक्यावर रिक्षा का अडवायच्या?

पत्ता चुकण्याचं दुसरंही एक दुखणं आहे. राग दूरवर पोचला नाही की हाताशी सापडेल त्या दुबळ्यावर निघतो. २०२० चं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. फेब्रुवारीत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी गेटवे ऑफ इंडियाजवळ चीनच्या महावाणिज्यदूतांना शेजारी उभं करून ‘गो कोरोना’चा गजर केला. जूनमध्ये गलवान घडलं आणि त्याच आठवल्यांनी चिनी पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा अशी मागणी केली. म्हणजे दूताबरोबर प्रार्थना आणि शिक्षा चायनीज भेळवाल्याला! त्या भेळेचा चीनशी संबंध किती, ते ठाणे-कळव्याच्या कुठल्याही गाडीवर उभं राहून एक प्लेट खाल्ली की कळतं.

दारात जायचं म्हटलं की पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो आणि तो पोकळ नाही. दूताला आणि त्याच्या घराला हात लावायचा नाही ही रीत काही व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय करारांतून आलेली नाही. आपण राजदूताला वकील आणि दूतावासाला वकिलात म्हणत होतो, तेव्हापासूनची आहे. ती मोडल्याची किंमत ठाण्यातच लिहिलेली आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. करवला कुणी, यावर वाद आहेत. आळ मात्र दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. बाजीरावाला त्यांना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं आणि इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. तोच किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तिथून निसटले, ती गोष्ट पोवाड्याच्या थाटात सांगितली जाते. पण इंग्रजांना निमित्त मिळालं होतं. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा मानहानीचा तह आणि वर्षभरात पेशवाई संपली. एका वकिलाच्या रक्तानंच राज्य बुडालं असं मी म्हणणार नाही, बुडायला इतर कारणं पुष्कळ होती. पण कारागृहाच्या त्या भिंतीवरून जाताना मला दूताच्या अभयाचा कायदा समजावून सांगायला पुस्तक लागत नाही.

तर सुरक्षा हवीच. कायदा नेमकं काय सांगतो तेही पाहू. दूतावासांसाठी १९६१ चा व्हिएन्ना करार आहे आणि वाणिज्य दूतावासांसाठी १९६३ चा. (मुंबईत आहेत ते वाणिज्य दूतावास, दूतावास दिल्लीत, चाणक्यपुरीला. बोलताना आपण सगळ्यांनाच दूतावास म्हणतो, मीही तेच करणार आहे.) दोन्ही करारांत यजमान देशावर जबाबदारी टाकली आहे: घुसखोरी आणि नासधूस होऊ द्यायची नाही, तिथली शांतता भंगू द्यायची नाही, प्रतिष्ठेला बाध येऊ द्यायचा नाही. घोळ होतो तो या शेवटच्या शब्दाशी. पोलिसांच्या हिशेबी फाटकासमोर फलक धरून उभा राहिलेला माणूस म्हणजेच प्रतिष्ठेला बाध.

आपलं संविधान याहून उदार आहे. भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायच्या कारणांत ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं, ते १९ (२) मध्ये. पण शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्कावरची बंधनं १९ (३) मध्ये आहेत आणि तिथे दोनच कारणं दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परराष्ट्रांच्या मैत्रीचा तिथे उल्लेख नाही. फलकावर काय लिहिलंय त्याची चौकशी करा हवी तर, पण दुसऱ्या देशाला वाईट वाटेल म्हणून माणसांनी जमूच नये, असं आपल्या संविधानात मला तरी कुठे सापडलेलं नाही. अमेरिकेची राजधानी याच प्रश्नात अडकली होती. दूतावासापासून ५०० फुटांच्या आत त्या देशाची अप्रतिष्ठा होईल असा फलक धरायला वॉशिंग्टनमध्ये बंदी होती. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली आणि जमाव खरोखर धोकादायक ठरत असेल तर पांगवायचा पोलिसांचा अधिकार तेवढा ठेवला. एवढं आपल्यालाही पुरेल.

इथे घडतं काय, तर आदल्या रात्री पोलीस ठाण्यातून नोटीस येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची यायची, आता नव्या संहितेत तिचा आकडा १६८ झाला आहे. त्याउपर निघालात तर वाटेतच व्हॅनमध्ये बसवतात, संध्याकाळी चहा पाजून सोडतात. मुंबईत आंदोलनाची अधिकृत जागा म्हणजे आझाद मैदानाचा राखीव तुकडा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयाला सांगायची गोष्ट आझाद मैदानातून ओरडायची, म्हणजे शेजाऱ्याशी भांडायला स्टेशनवर जाण्यातलाच प्रकार.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. जुलै २०२५ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात सभा घ्यायची होती, पोलिसांनी परवानगी नाकारली, पक्ष उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं याचिका तर फेटाळलीच, वर सुनावलं की हजारो मैलांवरचं काय बघता, आपल्या देशाकडे बघा. कचरा आहे, प्रदूषण आहे, सांडपाणी आहे, पूर आहे. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी त्या पक्षाला परवानगी दिली, हा भाग वेगळा.

न्यायालयाचा आदर राखून म्हणतो, हे मला पटलं नाही. दिव्याचं डम्पिंग ग्राउंड नाकाशी घेऊन वर्षं काढलेल्या ठाणे महापालिका हद्दीतल्या माणसाला कचऱ्याची आठवण करून द्यावी लागत नाही. आणि लांबचं काय नि जवळचं काय हे ठरवायचं कुणी? दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची तक्रार भारतानं संयुक्त राष्ट्रांत १९४६ मध्येच नेली, स्वातंत्र्य मिळायच्या आधी. तेव्हा इथे कचरा नव्हता असं नाही. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये इराणनं होर्मुझजवळ एमएससी एरीज हे जहाज पकडलं, त्यावर २५ जण होते आणि त्यांतले १७ भारतीय. जहाज निघालं होतं न्हावा-शेव्याला. उरणच्या धक्क्यावर लागणारं जहाज इराणच्या ताब्यात असेल तर ते प्रकरण लांबचं की जवळचं? नेरुळला ‘चाणक्य’ या प्रशिक्षण संस्थेत जहाजावरचे अधिकारी घडतात, बेलापूरच्या इमारतींत जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजंटांची कार्यालयं आहेत, माझ्याच सेक्टरमध्ये एका मजल्यावर दोन घरं अशी आहेत जिथला कर्ता वर्षातले आठ महिने समुद्रावर असतो. या शहराचे निम्मे प्रश्न परदेशातच घडतात.

अशाच एका घराबरोबर मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. शेजाऱ्यांचा मुलगा थर्ड इंजिनिअर. जहाज एका परदेशी बंदरात अडकवून ठेवलेलं, मालाबद्दल संशय, सगळ्यांचे पासपोर्ट तिथल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात, सातवा महिना चालू. आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, स्वतः म्हणाले, चला, त्यांच्या मुंबईतल्या कार्यालयावर जाऊ. नेरुळ स्टेशनवर त्यांनी अकराजणांना सांगितलं, ‘घोषणा नाहीत. झेंडा बिंडा काही काढायचा नाही. काकू, रडू आलं तर रडा, पण ओरडायचं नाही. बोलणार मी एकटा.’ सीएसएमटी लोकलमध्ये त्यांनी निवेदन तीनदा वाचून घेतलं. जहाजाचा नंबर, पोराच्या खलाशी-ओळखपत्राचा, म्हणजे सीडीसीचा नंबर, बंदराचं नाव, पकडल्याची तारीख. मागणी एकच, पासपोर्ट परत द्या आणि खटला चालवायचा असेल तर चालवा.

फाटकाच्या अलीकडेच पोलिसांनी अडवलं. भाऊंनी आधी दिलेल्या अर्जाची प्रत दाखवली, वाद घातला नाही. शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला, पाचजण जा, बाकीचे त्या झाडाखाली थांबा. वीस मिनिटांनी आतून एक गृहस्थ आले, आपल्याकडचेच, तिथे नोकरीला असलेले. फाटक न उघडता सळ्यांमधून कागद घेतला. भाऊंनी दुसरी प्रत पुढे केली, ‘यावर पोच द्या.’ ते म्हणाले, ‘पोच द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.’ भाऊ म्हणाले, ‘मग सही करा.’ तीही नाही. आम्ही मुलाचा फोटो धरून तासभर उभे राहिलो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी मोबाइलवर आमचा फोटो काढला. त्या दिवसातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य ते. आपण कुणाच्या तरी दप्तरात गेलो.

मुलगा पाच महिन्यांनी परत आला. आमच्यामुळे आला असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. कंपनीनं दंड भरला, दिल्लीनंही रेटा लावला असेल. पण त्या घरासाठी त्या तासाची किंमत वेगळी होती आणि ती पुतळ्याच्या बारा मिनिटांना येत नाही.

भाऊंना यातून काय मिळालं? सांगतो. पुढच्या गणपतीत मंडपाच्या बॅनरवर झाडाखालचा फोटो होता. लोक हसले. मी नाही हसलो. पुढाऱ्याला प्रसिद्धी मिळते हा या आंदोलनांवरचा सगळ्यात सोपा टोमणा आहे. २१ नोव्हेंबर १९८४ ला वॉशिंग्टनमध्ये चौघे दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला भेटायला गेले, त्यांतले वॉल्टर फाँट्रॉय हे त्या शहराचे काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले, प्रतिनिधी. तिघांनी बाहेर पडायला नकार दिला आणि अटक ओढवून घेतली. चौथ्या, एलेनॉर होम्स नॉर्टन, आधीच बाहेर आल्या होत्या, पत्रकारांना सांगायला. प्रसिद्धी ठरवूनच घेतली होती. पण मग पुढे वर्षभराहून अधिक काळ लोक तिथे येत राहिले, अटक होत राहिले, त्यांत काँग्रेसचे सदस्यही होते, आणि १९८६ मध्ये त्याच काँग्रेसनं अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांचा कायदा केला. फाटकापासून सभागृहापर्यंत रस्ता असा असतो. सामान्य माणूस फाटकापर्यंतच जाऊ शकतो, पुढचा रस्ता लोकप्रतिनिधीचा. म्हणून पुढारी सोबत हवा.

आणि तो पुढे हवा. १९५५ मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज हद्दीत सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या तेव्हा नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिल्या तुकडीबरोबर होते. मधु लिमयांनी बेदम मार खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा ऐकली. आजच्या नेत्यानं एवढं करावं असं कोण म्हणतंय? अर्जावर स्वतःचं नाव घालावं, गुन्हा नोंदवायचाच झाला तर तो पोरांवर न येता आपल्यावर यावा, आणि सहा महिन्यांनी त्याच दारात पुन्हा जावं. झेरॉक्स चिकटवणाऱ्या पोरांच्या नावावर ते ऐन नोकरी शोधायच्या वयात गुन्हे पडतात. पोलीस पडताळणीच्या वेळी साहेब फोन उचलत नाहीत.

एक गोष्ट मात्र ओठांवर येऊनही बोलायला जड जाते. १९ मार्च २०२३ ला लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयावर खलिस्तानवाद्यांनी हल्ला केला, तिरंगा खेचला. आपण संतापलो, योग्यच होतं. दोन-तीन दिवसांत दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयासमोरचे अडथळे हटले. तिथे काचा फुटल्या म्हणून आपली तक्रार शंभर टक्के खरी. पण मी वांद्रे-कुर्ला संकुलात शंभर मीटरवर उभं राहायची जागा मागत असेन तर लंडनमध्ये शंभर मीटरवर उभं राहून भारताविरुद्ध फलक धरणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे, फलकावरचा मजकूर वाचून माझं रक्त उसळलं तरी. झेंड्याला हात लावला की तुरुंग, फलक धरला तर धरू दे. हे मला आवडत नाही, पण याला बगल देऊन वरचं काहीच मागता येत नाही.

मागणं तसं किरकोळ आहे. फाटकापासून शंभर मीटर, पंचवीस माणसं, एक तास, ध्वनिक्षेपक नाही. आणि निवेदन घ्यायला कुणीतरी. तो परदेशी माणूस नसला तरी चालेल. परराष्ट्र खात्याचं विदेश भवन २०१७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलातच उभं आहे. तिथला एक अधिकारी येऊन एक प्रत स्वतः घेऊ शकतो, शिक्का मारू शकतो आणि दुसरी आत पोचवू शकतो. भाऊंकडच्या त्या प्रतीवर उजव्या कोपऱ्यात पोचेसाठी जागा सोडलेली होती, ती अजून कोरीच आहे.